जुन्या सार्वजनिक वसाहतीचं पुनरुज्जीवन: आधी रस्ते, मग इमारती

सार्वजनिक गृहवसाहत मोडकळीला आली की पहिली बैठक इमारतींवरच होते. पाडायच्या की दुरुस्त करायच्या, नव्या किती मजल्यांच्या, घर किती चौरस फुटांचं, विकासकाला काय द्यायचं. या प्रश्नांची उत्तरं द्यावीच लागतात, पण त्यांची वेळ नंतर येते. सुरुवातीला दोन गोष्टी समजून घ्यायला हव्यात: वसाहत शहरापासून नेमकी कुठे कुठे तुटली आहे, आणि तिच्या देखभालीचा पैसा कधी आणि का आटला. बिघडलेल्या वसाहतींचा इतिहास चाळला तर इमारतीचं वय हे कारण बहुतेकदा या दोन्हींच्या मागून येतं.

अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरातली प्रुइट-आयगो वसाहत घ्या. ११ मजली ३३ इमारती, २,८७० घरं, १९५० च्या दशकाच्या मध्यात बांधून पूर्ण. १९७२ मध्ये पाडकाम सुरू झालं आणि १९७६ पर्यंत सगळं जमीनदोस्त. आधुनिक वास्तुरचनेच्या अपयशाचा पुरावा म्हणून तिच्याकडे आजही बोट दाखवलं जातं. रचनेत दोष होतेच. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यालाच थांबायची, बाकीच्यांनी जिने चढायचे. पण मूळ दुखणं हिशेबात होतं. बांधकामाला केंद्राचा पैसा आला, देखभाल मात्र भाड्यातून भागवायची होती. शहराची लोकसंख्या घटू लागली, घरं रिकामी पडली, भाडं कमी झालं, लिफ्ट आणि पाइप दुरुस्त होईनात, म्हणून आणखी कुटुंबं निघून गेली. हे चक्र कुठल्याही रचनेच्या इमारतीत सुरू होऊ शकतं, अगदी कालच बांधलेल्या इमारतीतही.

पुढच्या पायऱ्या पालिकेत किंवा गृहनिर्माण मंडळात काम करणाऱ्यांसाठी, वास्तुरचनाकारांसाठी आणि तितक्याच रहिवासी समित्यांसाठी आहेत. त्यांचा क्रम शक्यतो बदलू नका. इमारतींचा आराखडा आधी झाला की रस्ते त्याच्या फटींतून काढावे लागतात, आणि मग ते कुठेच नीट पोहोचत नाहीत.

पहिली पायरी: वसाहत पायी फिरून नकाशावर आणा

उपग्रहाच्या छायाचित्रावर वसाहत शहराच्या मध्यात दिसते. पायी गेलं की कळतं, ती बेटासारखी आहे. म्हणून नकाशा चालून तयार करायचा. वसाहतीच्या कडेनं पूर्ण प्रदक्षिणा घाला आणि चार गोष्टी टिपा: बाहेरचा रस्ता कुठे येऊन संपतो, कुठे भिंत किंवा कुंपण आहे, कुठे जमिनीची पातळी एकदम बदलते, आणि कुठे रस्त्याकडे इमारतीची पाठ आहे. पाठ म्हणजे दारं-खिडक्या नसलेली भिंत, कचऱ्याची खोली, पाण्याच्या टाक्या, वाहनतळ. त्यानंतर आत जा आणि गवतातून पडलेल्या पायवाटा शोधा. लोकांना कुठून जायचं आहे हे त्या कुठल्याही सर्वेक्षणापेक्षा खरं सांगतात. कुंपणाला कुठे भगदाड पाडलं आहे तेही नोंदवा. तिथे रस्ता हवा होता आणि कोणी दिला नाही.

ही फेरी एकट्यानं करू नका. म्हातारी माणसं, चाकाची खुर्ची वापरणारी व्यक्ती, बाळाची गाडी ढकलणारी आई, शाळकरी मुली असे वेगवेगळे लोक बरोबर घ्या. एकदा पहाटे, एकदा शाळा सुटताना, एकदा रात्री उशिरा जा. ज्या वाटेनं माणूस दिवसा जातो आणि रात्री वळसा घेतो, ती वाट नकाशावर तुटलेली दाखवायची.

दोन मोजमापं करायला सोपी आहेत आणि फार उपयोगाची. पहिलं अंतराचं. बसथांबा, दवाखाना, बाजार, शाळा यांचं सरळ रेषेतलं अंतर मोजा आणि प्रत्यक्ष चालावं लागणारं अंतर मोजा. पाच मिनिटांत साधारण ४०० मीटर चालून होतात. थांबा सरळ रेषेत २०० मीटरवर असेल आणि चालावं ५०० मीटर लागत असेल, तर दुरुस्तीची जागा सापडली. दुसरं वळणांचं. हमरस्त्यापासून वसाहतीच्या सर्वांत आतल्या दारापर्यंत किती वळणं घ्यावी लागतात ते मोजा. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये बिल हिलियर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकापासून याच प्रकारचा अभ्यास विकसित केला: रस्त्यांचं जाळं एकमेकांना कसं जोडलं आहे यावरून कुठे वर्दळ होईल याचा बराचसा अंदाज बांधता येतो. तीन-चार वळणांच्या पलीकडे अनोळखी माणूस सहसा शिरत नाही. मग तिथली दुकानं चालत नाहीत आणि वाट सुनी पडते.

वसाहत उभी राहण्याआधीचा जुना नकाशाही मिळवा आणि आजच्या नकाशावर ठेवून पाहा. मँचेस्टरच्या ह्यूम भागात १९६० च्या दशकात जुन्या गल्ल्या पाडून मोठी वसाहत उभारली, त्यात शतकभराहून जुना स्ट्रेटफर्ड रोड तोडला गेला. असे तुटलेले रस्ते जुन्या नकाशावर स्पष्ट दिसतात आणि जोडणीची सुरुवात बहुधा तिथूनच करता येते.

दुसरी पायरी: कोण राहतं ते लिहा, आणि हक्क कागदावर आणा

ही पायरी मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण इथली चूक नंतर सुधारता येत नाही. आराखड्याचा एकही कागद तयार होण्याआधी घराघरांत जाऊन नोंद करायची. घरात किती माणसं, कोण आजारी, मुलं कुठल्या शाळेत, रोजगार कुठे, भाडं किती, घर भाड्याचं की मालकीचं. पोटभाडेकरू आणि वाटून राहणारी कुटुंबं मुद्दाम नोंदवा. अधिकृत यादीत ती नसतात, आणि घर रिकामं करण्याची वेळ आली की सर्वांत आधी तीच रस्त्यावर येतात. यादीची एक तारीख जाहीर करा. त्या तारखेला जो राहत होता त्याचा विचार होईल, एवढं स्पष्ट असलं की नंतरची घुसखोरी आणि दलाली बरीच थांबते.

मग रहिवाशांशी लेखी करारनामा करा. त्यात निदान एवढं असावं:

– परतीचा हक्क: कुठल्या वसाहतीत, किती खोल्यांचं, किती भाड्याचं घर मिळेल. ‘परिसरात’ असं मोघम लिहू नये.
– भाडं ठरवण्याचं सूत्र, आणि त्याबरोबर देखभाल खर्चाची मर्यादा. नवीन इमारतीत भाडं तेवढंच राहून लिफ्ट-पंप-सुरक्षेचा खर्च दुप्पट झाला तर गरीब कुटुंब आपोआप बाहेर पडतं.
– स्थलांतर किती वेळा. एकदाच, हे उत्तर असावं.
– मालकी हक्कानं घर घेतलेल्यांना त्याच परिसरात तेवढंच घर घेता येईल इतका मोबदला.
– मुदत पाळली नाही तर काय, आणि दाद कुठे मागायची.

समितीला स्वतःचा स्वतंत्र सल्लागार असू द्या, त्याचं मानधन प्रकल्पातून द्या, पण नेमणूक समितीनं करावी. आराखडे वाचता येणारा एक माणूस रहिवाशांच्या बाजूला बसला की बैठकीचा सूरच बदलतो.

लंडनच्या हेगेट वसाहतीचा अनुभव इथे डोळ्यांसमोर ठेवावा. १९७४ मध्ये पूर्ण झालेल्या त्या वसाहतीत सुमारे १,२०० घरं होती, बहुतेक सार्वजनिक भाड्याची. २०१४ पर्यंत ती पाडून झाली. त्या जागी दुपटीहून अधिक घरांची योजना आली, पण जुन्या धर्तीच्या सार्वजनिक भाड्याची घरं त्यात शंभराच्या आसपासच होती. मालकी हक्काची घरं असलेल्या अनेकांना मिळालेल्या मोबदल्यात जवळपास घर घेणं परवडलं नाही आणि ते शहराच्या कडेला फेकले गेले. अशा अनुभवांतून पुढे तिथे नियम बदलला: जुलै २०१८ पासून लंडनच्या महापौरांच्या निधीतून होणाऱ्या आणि घरं पाडणाऱ्या वसाहत प्रकल्पांना रहिवाशांचं मतदान बंधनकारक झालं. तुमच्या शहरात असा नियम नसला तरी गुप्त मतदान घ्या. मतदानाला जाताना प्रस्ताव ठोस करावाच लागतो, आणि प्रकल्पाच्या पुढच्या दहा वर्षांत त्या ठोसपणाचा आधार सर्वांनाच होतो.

संपर्काचं ठिकाण वसाहतीतच हवं. इंग्लंडमधल्या न्यूकॅसल शहराच्या बायकर भागाची पुनर्बांधणी करताना वास्तुरचनाकार राल्फ अर्स्किन यांच्या चमूनं वस्तीतल्याच एका जुन्या दुकानात कार्यालय थाटलं. तिथे अंत्यविधीच्या सामानाचा व्यवसाय चालायचा. लोक येता-जाता आत शिरायचे, आराखडे पाहायचे, गळक्या नळाची तक्रारही करायचे. पहिल्या ४६ कुटुंबांसाठी छोटा प्रायोगिक टप्पा आधी बांधून त्यातून पुढची रचना सुधारली. तरीही मूळ कुटुंबांपैकी बहुसंख्य तिथे परतू शकली नाहीत, कारण पाडकाम बांधकामाच्या पुढे धावत होतं. संवाद उत्तम असूनही वेळापत्रक चुकलं तर काय होतं, हे यातून दिसतं. त्यावर सातव्या पायरीत बोलू.

तिसरी पायरी: इमारतींची तपासणी, आणि पाडण्याचा निर्णय सर्वांत शेवटी

स्ट्रक्चरल ऑडिट एकाच अभियंत्याचं आणि एकाच इमारतीचं पुरेसं नाही. वेगवेगळ्या इमारतींचे नमुने घ्या: काँक्रीटची ताकद, सळ्यांचा गंज, गच्चीची गळती, सांडपाण्याच्या वाहिन्यांची अवस्था, लिफ्ट, विजेच्या तारा. कारखान्यात ओतलेली मोठी काँक्रीटची फळकुटं जोडून उभारलेल्या इमारती असतील तर सांधे उघडून पाहा. लंडनमधल्या रोनन पॉइंट या २२ मजली इमारतीत १६ मे १९६८ रोजी १८ व्या मजल्यावर गॅसचा स्फोट झाला आणि एक पूर्ण कोपरा पत्त्यांसारखा खाली आला. ४ जण गेले. इमारत वापरात येऊन जेमतेम दोन महिने झाले होते. अशा सांध्यांची खरी अवस्था कागदोपत्री कळत नाही.

आग हा स्वतंत्र विषय म्हणून तपासा. लंडनमधल्या ग्रेनफेल टॉवर या उंच निवासी इमारतीचं नूतनीकरण २०१६ मध्ये पूर्ण झालं. बाहेरून जे आवरण चढवलं त्यात पेट घेणारं साहित्य होतं. १४ जून २०१७ च्या आगीत ७२ माणसांचा जीव गेला. सुरक्षेबद्दल रहिवाशांनी आधीपासून इशारे दिले होते. म्हणून दोन अटी कधीही सैल करू नका: बाहेरच्या भिंतीवर ज्वलनशील साहित्य लावायचं नाही, आणि रहिवाशांनी दिलेल्या सुरक्षेच्या तक्रारीला लेखी उत्तर दिल्याशिवाय काम पुढे न्यायचं नाही.

सांगाडा धड असेल तर पाडण्याआधी ठेवण्याचे पर्याय गांभीर्यानं तपासा. फ्रान्समधल्या बोर्दो शहराच्या ग्राँ पार्क वसाहतीत १९६० च्या दशकातल्या तीन इमारतींमध्ये ५३० घरं होती. वास्तुरचनाकार लाकाटों आणि वासाल यांनी सहकाऱ्यांसह त्या इमारतींना बाहेरून नवा सांगाडा जोडला आणि प्रत्येक घराला ३.८ मीटर बाहेर येणारी काचबंद बाग आणि गॅलरी दिली. जुन्या छोट्या खिडक्यांच्या जागी मोठी सरकती दारं आली, लिफ्ट नव्या झाल्या. सगळं काम होईपर्यंत माणसं आपल्याच घरात राहिली. या कामाला २०१९ मध्ये मीस व्हान डेर रोहे हा युरोपातल्या वास्तुरचनेचा पुरस्कार मिळाला. भाडेकरूंना न हलवता घर मोठं करता येतं, हे त्यातून सिद्ध झालं, आणि सिमेंट-पोलादात आधीच खर्ची पडलेली ऊर्जाही वाया गेली नाही.

मागणीच घटली असेल तर इमारत लहान करण्याचा मार्ग असतो. जर्मनीत थुरिंजिया राज्यातल्या लायनफेल्ड या गावात १९९० नंतर कापड कारखान्याचा रोजगार गेला आणि लोक निघून गेले. तिथे काही इमारतींचे वरचे मजले उतरवले. १८० मीटर लांबीची एक सलग इमारत मधले भाग काढून आठ स्वतंत्र छोट्या इमारतींत बदलली, म्हणजे मधून वाटा मिळाल्या, उजेड आला, आणि तळमजल्यांना अंगणं मिळाली. जोडणीच्या दृष्टीनं हा पर्याय मला फार आवडतो: लांबलचक भिंतीसारखी इमारत पूर्ण न पाडता तिच्यातून आरपार वाट काढता येते.

प्रत्येक इमारतीसाठी चार आकडे शेजारी-शेजारी मांडा: दुरुस्तीचा खर्च, पुनर्बांधणीचा खर्च, पुढच्या ३० वर्षांच्या देखभालीचा खर्च, आणि किती कुटुंबांना किती काळ हलवावं लागेल. ही तुलना वसाहतीच्या सूचनाफलकावर लावा.

चौथी पायरी: शहराशी जोडणी

आता मुख्य काम. एकच गोष्ट करण्याइतके पैसे असतील तर वसाहतीच्या मधून आरपार जाणारा एक खरा रस्ता काढा. खरा म्हणजे ज्याची दोन्ही टोकं आधीच गजबजलेल्या रस्त्यांना मिळतात, ज्याला नाव आहे, दोन्ही बाजूंना पदपथ आणि दिवे आहेत, आणि ज्यावरून परका माणूससुद्धा ‘इकडून जवळ पडतं’ म्हणून जाईल. आत जाऊन वर्तुळात फिरून परत बाहेर येणारा अंतर्गत रस्ता हे काम करत नाही.

ह्यूममध्ये हेच केलं. १९७२ मध्ये पूर्ण झालेल्या, अर्धचंद्राकार लांब इमारतींच्या त्या वसाहतीत रस्त्यांऐवजी वरच्या मजल्यांवरचे सार्वजनिक मार्ग होते. घरं उबदार ठेवणारी विजेची यंत्रणा तेलसंकटानंतर लोकांना परवडेना, घरं ओलावली, आणि थोड्याच वर्षांत मुलंबाळं असलेली कुटुंबं निघून गेली. १९९० च्या दशकात त्या इमारती पाडून जमिनीवरचे साधे रस्ते आणि त्यांच्याकडे तोंड करून उभी राहणारी घरं पुन्हा आणली. स्ट्रेटफर्ड रोड जोडून घेतला, आणि मधल्या वाहत्या महामार्गावर १९९७ मध्ये कमानीचा पूल बांधला.

ॲमस्टरडॅमचं बायल्मरमीर आणखी बोलकं आहे. १९६० च्या दशकाच्या शेवटापासून तिथे मधमाशीच्या पोळ्याच्या आकारात उंच इमारती उभ्या राहिल्या. गाड्यांचे रस्ते खांबांवर उचललेले, खाली सगळी हिरवळ आणि पायवाटा. कागदावर आदर्श. प्रत्यक्षात रस्त्याखालच्या अंधाऱ्या जागा आणि वाहनतळ भीतीचे ठरले. ऑक्टोबर १९९२ मध्ये मालवाहू विमान इमारतींवर कोसळून ४३ जणांचा मृत्यू झाला, त्याच वर्षी पुनरुज्जीवनही सुरू झालं. उंच इमारतींतली जवळपास निम्मी घरं पाडली गेली, आणि मुख्य रस्ते जमिनीवर उतरवले. रस्ता खाली आला तशी त्याच्या कडेला दारं आणि दुकानं लावता आली.

आरपार रस्ता काढताना हे तपशील सांभाळा:

ओलांडणी जमिनीवरच द्या. हमरस्ता आणि वसाहत यांच्यामध्ये भुयारी मार्ग किंवा पादचारी पूल असेल तर त्याच जागी सिग्नलसह सपाट ओलांडणी करा. सिग्नलचा वेळ सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला धरून ठरवा.

बस मधून जाऊ द्या. बस वसाहतीच्या फाटकाशी येऊन वळली की ती ‘त्या लोकांची बस’ ठरते. आरपार गेली तर शहराच्या दोन भागांमधली बस होते, गर्दी मिळते आणि फेऱ्या टिकतात. दोन बस समोरासमोर जाण्यासाठी साधारण ६.५ मीटर रुंदी लागते. त्याहून रुंद रस्ता केलात तर गाड्या भरधाव सुटतात.

आडवे रस्ते ८० ते १०० मीटरच्या अंतरावर ठेवा. मोठे सलग भूखंड पायी चालणाऱ्याला वळसा घालायला लावतात.

तळमजल्याला दारं द्या. रस्त्याच्या बाजूला प्रत्येक घराचं स्वतंत्र दार असलं की रस्त्यावर लक्ष राहतं, यासाठी पहारेकरी नेमावा लागत नाही. बायल्मरमीरमधल्या क्लाइबर्ग या ४०० मीटर लांब, ५०० घरांच्या इमारतीच्या तळमजल्यावर सामानाच्या खोल्या होत्या, म्हणजे रस्त्यालगत नुसती आंधळी भिंत. पाडायला निघालेली ती इमारत एका गटानं एक युरोला घेतली, त्या खोल्या वरच्या मजल्यांवर हलवल्या, खाली राहण्या-कामाच्या जागा केल्या आणि आरपार जाण्याच्या वाटा मोठ्या केल्या. घरांचं आतलं काम घेणाऱ्यांनी स्वतः करायचं, त्यामुळे किंमत आटोक्यात राहिली. त्या कामाला २०१७ चा मीस व्हान डेर रोहे पुरस्कार मिळाला.

पत्ते बदला. ‘ब्लॉक ड, विंग ३’ हा पत्ता रुग्णवाहिकेला सापडत नाही. रस्त्याला नाव, घराला क्रमांक, आणि शेजारच्या वस्तीतल्या क्रमांकांशी सलगता असू द्या.

रस्ते पालिकेच्या ताब्यात द्या. सर्वांत दुर्लक्षित आणि सर्वांत भांडणाचा मुद्दा हाच. वसाहतीतले रस्ते बहुधा गृहनिर्माण मंडळाच्या मालकीचे असतात, म्हणून दिवा गेला की मंडळ पालिकेकडे बोट दाखवतं आणि पालिका मंडळाकडे. बांधकाम सुरू होण्याआधीच रस्ते, दिवे, गटारं आणि झाडं कुणाकडे जाणार याचा करार करा, आणि पालिकेच्या मापाप्रमाणेच ती बांधा. त्याच खोदकामात जुन्या पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या वाहिन्या बदलून घ्या.

रस्ता काढायलाच हवा असेल तर इमारतीही मुद्दाम तोडाव्यात असं मात्र नाही. व्हिएन्नाचं कार्ल-मार्क्स-होफ एक किलोमीटरहून लांब आहे, १९३० मध्ये खुलं झालं, १,३८२ घरांचं. त्याच्या प्रचंड कमानींमधून लोक रेल्वे स्थानकाकडे आणि फुटबॉल मैदानाकडे आजही जातात. एवढी लांब इमारत वाट अडवत नाही, कारण योग्य ठिकाणी तिला दारं ठेवली आहेत.

पाचवी पायरी: मोकळ्या जागेला मालक द्या

जुन्या वसाहतींत मोकळी जागा भरपूर असते आणि तिचा वापर कमी असतो. कारण ती कुणाचीच नसते. प्रत्येक तुकडा तीनांपैकी एका गटात टाका: सर्वांसाठी खुला चौक किंवा उद्यान, एका आवारातल्या घरांचं सामायिक अंगण, किंवा एका घराची खाजगी पडवी. प्रत्येकाची हद्द पाहताक्षणी कळली पाहिजे; कमरेएवढं कुंपण, दोन पायऱ्या, झाडांची रांग एवढंही पुरतं. मोठी झाडं आराखड्यात सर्वांत आधी नोंदवा आणि रस्ते-इमारती त्यांना वळसा घालून बसवा. चाळीस वर्षांची सावली कुठल्याही निधीतून विकत मिळत नाही. लहान मुलांच्या खेळाची जागा घरांच्या खिडक्यांतून दिसेल अशी हवी. मोठ्या मुलांचं मैदान मात्र कडेला, शेजारच्या वस्तीतल्या मुलांनाही यावंसं वाटेल असं.

सहावी पायरी: दुकानं, शाळा, कार्यालयं कडेला आणा

वसाहतीच्या पोटातला छोटा बाजार फक्त वसाहतीच्या गिऱ्हाइकांवर जगतो, म्हणजे सहसा जगत नाही. तोच बाजार आरपार रस्ता हमरस्त्याला मिळतो त्या कोपऱ्यावर आणला की दोन्ही बाजूंचे लोक येतात. ग्रंथालय, दवाखाना, शाळेचं फाटक यांनाही हेच लागू. डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात गेल्लरुप या सुमारे २,४०० घरांच्या वसाहतीतून नवा मुख्य रस्ता काढला आणि महापालिकेची कार्यालयं तिथे नेली, म्हणजे रोज कामासाठी बाहेरची माणसं वसाहतीत येऊ लागली. मात्र दुकानांची भाडी सुरुवातीची काही वर्षं कमी ठेवा आणि आधीपासून तिथे धंदा करणाऱ्यांना पहिली संधी द्या.

सातवी पायरी: टप्पे, आणि एकदाच स्थलांतर

पहिला टप्पा रिकाम्या जागेवर घ्या: वाहनतळ, बंद पडलेलं मैदान, कडेची वापरात नसलेली पट्टी. तिथे पहिली घरं बांधा, जवळच्या इमारतीतली कुटुंबं थेट त्या नव्या घरांत हलवा, मग ती इमारत पाडा किंवा दुरुस्त करा, आणि तशी साखळी पुढे न्या. कुटुंब जुन्या घरातून थेट नव्या घरात गेलं तर संक्रमण शिबिराची गरजच उरत नाही. शिबिरात ‘दोन वर्षांसाठी’ गेलेली कुटुंबं दहा-दहा वर्षं तिथेच राहण्याचा धोका खरा असतो, आणि तेवढ्यात मुलांची शाळा, शेजार, कामाचं ठिकाण सगळं तुटतं.

नियम सोपा ठेवा: पुढची घरं राहायला तयार असल्याचा दाखला मिळाल्याशिवाय पाडकामाचा आदेश काढायचा नाही. कंत्राटदाराचं देयकही या नियमाशी बांधा. शेजाऱ्यांना शक्यतो एकत्र हलवा. म्हाताऱ्या माणसाला रोज औषध आणून देणारा शेजारी ही सरकारी योजनेत न दिसणारी सेवा आहे. रिकामी होत आलेली इमारत शेवटच्या कुटुंबापर्यंत स्वच्छ आणि उजेडात ठेवा, लिफ्ट चालू ठेवा. लोकांनी कंटाळून जावं म्हणून देखभाल थांबवणं हा अन्याय आहे, आणि करारनाम्यात तो स्पष्ट शब्दांत वर्ज्य करायला हवा.

आणि आरपार रस्ता पहिल्याच टप्प्यात पूर्ण करा, शेवटच्या टप्प्यासाठी राखून ठेवू नका. पैसा संपला किंवा सरकार बदललं तर निदान जोडणी तरी पदरात पडलेली असते.

आठवी पायरी: पैसा, जमीन आणि देखभाल

सार्वजनिक वसाहतीची सर्वांत मोठी मालमत्ता तिची जमीन आहे. ती विकू नका; गरज पडली तर ठरावीक मुदतीच्या भाडेपट्ट्यानं द्या. विक्रीची जादा घरं बांधून त्यातून सार्वजनिक घरांचा खर्च काढण्याची पद्धत सर्वत्र वापरली जाते. ती वापरताना सार्वजनिक भाड्याच्या घरांची संख्या कराराच्या पहिल्या पानावर लिहा, आणि नफा घटला तर ती संख्या कमी करता येणार नाही असंही लिहा. बाजार पडला की विकासक सर्वांत आधी याच आकड्यावर बोलणी उघडतो. सार्वजनिक घरं पहिल्या टप्प्यात बांधून घेतली तर हा धोका बराच कमी होतो. विक्रीची आणि भाड्याची घरं एकाच दर्जाच्या दारानं, एकाच रस्त्यावर उघडली पाहिजेत.

मिश्र वस्तीच्या नावाखाली लोकांना हाकलणं मात्र मान्य होऊ नये. डेन्मार्कच्या २०१८ च्या कायद्यानं काही वसाहतींमधली सार्वजनिक कौटुंबिक घरं २०३० पर्यंत ४० टक्क्यांवर आणायला सांगितलं, त्यात धडधाकट घरंही पाडली किंवा विकली गेली. नवी कुटुंबं जोडून मिश्रण करता येतं; जुनी कुटुंबं काढून केलेलं मिश्रण त्या कुटुंबांच्या काय कामाचं?

देखभालीसाठी वेगळं खातं उघडा. लिफ्ट, गच्ची, पंप, बाहेरची भिंत यांचं आयुष्य किती आणि बदलायला किती लागेल याचा ३० वर्षांचा तक्ता करा, आणि त्याप्रमाणे दरवर्षी रक्कम बाजूला टाका. या खात्यातून दुसऱ्या कामाला पैसा वळवण्यास मनाई असावी आणि त्याचा हिशेब दरवर्षी रहिवासी समितीपुढे यावा. रोजच्या दुरुस्तीसाठी वसाहतीतच एक छोटी चौकी ठेवा, जिथे माणूस बसतो आणि नाव घेऊन बोलतो. काच फुटली, नळ गळला, दिवा गेला, या तक्रारी किती दिवसांत मिटतात यावरून वसाहतीची तब्येत कळते.

नववी पायरी: राहायला आल्यानंतरचं मोजमाप

पहिल्या वर्षी, तिसऱ्या वर्षी आणि दहाव्या वर्षी पहिल्या पायरीतलीच फेरी, शक्य तितक्या त्याच लोकांबरोबर, पुन्हा करा. मूळ यादीतली किती कुटुंबं आज इथे आहेत ते मोजा आणि जाहीर करा. आरपार रस्त्यावर दिवसभर थांबून, वसाहतीत न राहणारी किती माणसं तिथून जातात ते मोजा. भाडं आणि देखभाल खर्च मिळून उत्पन्नाचा किती भाग जातो ते विचारा. नव्या पायवाटा पडल्या असतील तिथे फरशी घाला, आणि ज्या ओलांडणीवर माणसं घुटमळतात तिथल्या सिग्नलचा वेळ त्याच महिन्यात वाढवून घ्या.